मधली खिंड

३ मे

ठोकळ्या,

कसा आहेस वगैरे नंतर विचारीन. फोन केला की "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस. पत्राला असं सांगता येत नाही. फार तर टेबलावर टाकशील, पण ते तिथे बसून तुझ्याकडे बघत राहील. म्हणून लिहिते आहे.

तुझा प्रोग्रॅम आमच्या यार्डात सुरू होऊन महिना झाला. कोणता कंटेनर आधी उचलायचा, गाडीच्या कोणत्या वॅगनवर ठेवायचा, हे आता माझ्या केबिनमधला स्क्रीन सांगतो. इतकी वर्षं मी क्रेन चालवली ती हातातला कागद आणि स्वतःची अक्कल यांच्या जोरावर. आता स्क्रीन दाखवेल तिकडे दांडा हलवायचा. सुरुवातीला नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू. पण क्रेनच्या उगाचच्या फेऱ्या कमी झाल्या, एकच कंटेनर इकडून तिकडे ठेवून परत उचलायचा प्रकार बंद झाला, माझी मान दुखायची थांबली. हा माझा भाऊ, लहानपणापासून खोक्यात ठोकळे बसवत बसायचा, असं मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले. आता वाटतं, तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

गाडीच्या मधोमध एक जागा आम्ही रिकामी सोडायचो. तुझ्या प्रोग्रॅमने ती भरायला सुरुवात केली आहे. ती परत रिकामी ठेव. तिथे वारा जास्त लागतो, कंटेनर खाली आणताना झोके घेतो. शिवाय मधल्या वॅगनवर ओझं कमी असलेलं बरं. कारणं पुष्कळ आहेत, तू खोलात शिरू नकोस. मोठी बहीण सांगते आहे म्हणून कर.

तुझे भाऊजी बरे आहेत. ते म्हणाले, त्याला काही लिहू नकोस, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हणून हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही.

ताई


११ मे

ताई,

पत्र मिळालं. ऑफिसमध्ये उघडलं आणि शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले, इतकं जाडजूड पाकीट.

तुझ्या कारणांबद्दल. वाऱ्याचं म्हणशील तर उलटंच आहे. कंटेनरांच्या मध्ये फट राहिली की धावत्या गाडीत वारा त्या फटीत घुसतो आणि इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. मधल्या वॅगनवर ओझं कमी हवं, हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखव. आणि झोके सगळीकडेच बसतात. मी तुझ्या केबिनमध्ये बसून पाहिलं आहे.

खरं सांगू? राग येणार असला तरी सांगतो. एक जागा सोडली की एक कंटेनर कमी उचलावा लागतो. तेवढाच आराम. पिढ्यानपिढ्या चालत आलेला आळस आहे तो, त्याला आता कोणी आळस म्हणत नाही इतकंच. फेब्रुवारीत आलो होतो तेव्हा मी स्पष्ट विचारलं होतं, ही जागा का रिकामी? भाऊजी म्हणाले, "ती तशीच राहते." तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. तिथेच मला हा सगळा मुद्दा सापडला. प्रत्येक गाडीत तीच एक जागा वाया जाते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. त्या एका गोष्टीवरून मला इथे खुर्ची मिळाली आहे, ताई. पुढच्या महिन्यात मोठे साहेब भरलेली गाडी बघायला तुमच्याच यार्डात येणार आहेत. तू अभिमानाने क्रेनमध्ये बसायचं सोडून मला मागे ओढते आहेस.

भाऊजींना नमस्कार सांग. नोकरीचा काही प्रश्न नाही म्हणावं, उलट छान चाललं आहे.

तुझा,
ठोकळ्या


२० मे

इंजिनियर साहेब,

पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. आळशी म्हणालास. माझ्या घरी राहून, माझ्या हातचं जेवून, माझ्या केबिनमध्ये माझ्याच खुर्चीला टेकून उभा राहिलास आणि तिथून आळस शोधून नेलास. छान.

तर आता ऐक. हे वाचून झालं की फाडून टाक.

वॅगनवर लोखंडी खुंट्या असतात आणि कंटेनरच्या कोपऱ्यातली भोकं त्यांच्यावर बसतात, एवढं तुला ठाऊक आहे. खुंट्या उभ्या कोण करतं, ते तुझ्या स्क्रीनवर दिसत नाही. तुझे भाऊजी करतात. लांब कंटेनर यायचा असेल तर या खुंट्या, आखूड यायचा असेल तर त्या. वॅगनच्या दोन्ही बाजूंना. अलीकडचं झालं की पलीकडे जायचं. नियम म्हणतो, गाडीच्या टोकाला वळसा घालून जा. गाडी केवढी असते ते तू पाहिलं आहेस. माणूस वळसा घालून येईपर्यंत क्रेन वर कंटेनर टांगून ताटकळत बसणार, आणि तो खोळंबा त्या माणसाच्या नावावर लागणार.

म्हणून आम्ही मधली एक जागा सोडायचो. ज्या वॅगनवर काम चालू असतं तिच्यावर कंटेनर लोंबत असतो, तिथून जाता येत नाही; मधल्या रिकाम्या वॅगनवर पाय ठेवला की पलीकडे उतरता येतं. आम्ही तिला खिंड म्हणतो. सगळे क्रेनवाले सोडतात, मी कामाला लागले त्याच्या आधीपासून सोडतात. वॅगनवर चढायला मनाई आहे, म्हणून हे कुठे लिहिलेलं नाही. सुपरवायझर त्या वेळी दुसरीकडे बघतो.

फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हा तुझ्या गळ्यात मुख्य ऑफिसचा बिल्ला होता. तुझे भाऊजी त्या बिल्ल्याशी बोलले, तुझ्याशी नाही.

आता तू खिंड बुजवलीस. माणसं कुठून जातात सांगू? गाडीखालून. चाकांच्या मधून, ओणव्याने. पन्नाशी ओलांडलेला तुझा भाऊजी रोज रांगतो आहे. मी वरून बघत असते. ते वाकून आत जातात आणि पलीकडून पिवळं हेल्मेट बाहेर येईपर्यंत मी दांड्याला हात लावत नाही. त्यात आता गाडी लवकर भरते म्हणून इंजिनही आधीच येऊन उभं राहतं. ते जोडताना सबंध गाडीला धक्का बसतो. पुढे मला लिहवत नाही.

ती जागा सोड. आणि आळशी हा शब्द परत घे.

ताई


२९ मे

ताई,

शब्द परत घेतो. बाकीचं मात्र तू ऐकून घे, कारण मलाही राग येतो.

बिल्ल्याशी बोलले म्हणजे काय? त्या बिल्ल्यामागे मी होतो. ज्याला भाऊजींनी सायकल शिकवली तो मी. यार्डात बोलता येत नव्हतं तर घरी सांगायचं होतं, जेवताना मी समोर बसलो होतो. तुम्ही दोघं मूग गिळून बसलात. मी विचारलं, तुम्ही "ती तशीच राहते" म्हणालात, आणि त्या एका वाक्यावर मी सगळं गणित उभं केलं. आता मी आंधळा आणि मीच वाईट. कोणी सांगितलंच नाही ते गणितात कुठून येणार, ताई? आणि पहिल्या पत्रात तर तू वाऱ्याच्या गोष्टी सांगत होतीस. मी तुझा भाऊ असून मला थापा मारल्यास.

आता काय करता येईल ते. मनाई असलेली गोष्ट मी चोरून प्रोग्रॅममध्ये घालू शकत नाही. ती जागा का रिकामी, हे कोणीतरी विचारणारच, आणि खरं उत्तर दिलं तर सगळ्यात आधी भाऊजींना घरी बसवतील. तेव्हा सरळ मार्गाने जाऊ. मी कोणाचं नाव न घेता वर टिपण पाठवतो. खुंट्या बसवणाऱ्या माणसाला पलीकडे जायला रस्ता हवा. एकतर वळशाचा वेळ धरा, नाहीतर मधली जागा सोडा आणि तिथून ओलांडायला रीतसर परवानगी द्या. या आठवड्यात पाठवतो. तुमच्या यार्डाच्या साहेबांनाही त्याची प्रत जाईल.

तोवर भाऊजींना सांग, वळसा घालूनच जा. खोळंबा झाला तर होऊ दे. खापर माझ्या प्रोग्रॅमवर फोडा.

ठोकळ्या


१६ जुलै

तुझ्या भाऊजींचा डावा पाय गाडीखाली सापडला. टाच गेली. जीव वाचला.

फोनवर तू रडायला लागलास म्हणून मी ठेवून दिला. मला तुझं रडणं नको होतं. आता ते झोपले आहेत, मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

काय झालं ते नीट समजून घे. शेवटचा कंटेनर राहिला होता. तो मी उचलला आणि वर असतानाच स्क्रीनने जागा बदलली; नव्या जागेवर खुंट्या लांब कंटेनरच्या उभ्या होत्या आणि माझा कंटेनर आखूड. तुझे भाऊजी अलीकडच्या खुंट्या बदलून पलीकडे निघाले. मी सांगितलं होतं वळसा घाला, तुझं नाव घेऊन सांगितलं होतं. आठवडाभर त्यांनी घातलाही. मग खोळंब्याचा कागद हातात पडला आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर पाणउतारा केला. तेव्हापासून पुन्हा गाडीखालून.

ते खाली होते तेव्हा उशीर झाला म्हणून स्क्रीन लाल झाला, आणि मी हॉर्न वाजवला. घाई करा म्हणून. माझ्याच नवऱ्याला. नेमकं तेव्हा पुढे इंजिन जोडलं.

आता दुसरं. काल आमच्या यार्डाचे साहेब इथे आले होते, हातात फळं घेऊन. मी म्हटलं, साहेब, मुख्य ऑफिसातून टिपण आलं होतं, तुम्ही त्याचं काय केलंत? ते म्हणाले, बाई, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. मला वाटलं, खोटं बोलतोय. मग त्यांनी माझ्यासमोर ऑफिसला फोन लावून विचारलं.

तू पाठवलं होतंस का? एका शब्दात उत्तर दे.

ताई


२१ जुलै

ताई,

नाही.

टिपण लिहून तयार होतं. मोठे साहेब भरलेली गाडी बघायला येणार होते. त्याआधीच मीच म्हणायचं की एक जागा रिकामी सोडा, हे मला जमेना. म्हटलं पाहणी होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी पाठवतो. पाहणी पुढे ढकलली. मग परत पुढे ढकलली. रोज सकाळी ते उघडायचो, एखादा शब्द बदलायचो आणि बंद करायचो. भाऊजी वळसा घालत असतील, अशी मनाची समजूत घातली होती.

माझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

चौकशी बसणार आहे, हे कळलं. इथे त्याची चर्चा ऐकतो आहे. मनाई असताना माणूस गाडीखाली गेला, निष्काळजीपणा त्याचाच, असं म्हणून प्रकरण मिटवायचा बेत आहे. तुला एकच विनवणी आहे. खिंडीचं नाव काढू नकोस. ती जागा तू सोडत होतीस हे बाहेर आलं तर तुझी क्रेन जाईल. भाऊजी घरी बसलेले आणि तू पण, मग घर कसं चालणार? निदान एकजण तरी वाचू दे. मी बाहेरून जमेल ते करतो.

ठोकळ्या


२७ जुलै

"बाहेरून जमेल ते." हे तू लिहू तरी कसं शकलास?

माझा नवरा निष्काळजी नाही. त्या यार्डात त्याच्याइतका जपून वागणारा माणूस नाही. खुंटी नीट बसली की नाही हे बघायला तो तिच्यावर बुटाने लाथ मारतो, प्रत्येक खुंटीवर, माझी करमणूक व्हायची. त्याला गाडीखाली ढकललं ते तुझ्या स्क्रीनने, माझ्या हॉर्नने आणि त्या सुपरवायझरच्या तोंडाने. आता कागदावर लिहिणार की हा बेशिस्त होता. आणि तू मला सांगतोस, गप्प बस म्हणजे क्रेन वाचेल. ती क्रेन जाऊ दे खड्ड्यात.

मी खिंडीचं नाव काढणार. भर चौकशीत काढणार. पण माझ्या एकटीच्या बोलण्याला ते विचारणार नाहीत, बायको आहे, नवऱ्याची बाजू घेणारच, म्हणतील. मुख्य ऑफिसातल्या एकाला हे मे महिन्यापासून माहीत होतं, हे सांगणारा एकच माणूस आहे. तू ये. समोर उभा राहून सांग.

नाही आलास तर मला भाऊ नाही. हे रागाच्या भरात लिहिलेलं नाही, कालपासून विचार करून लिहिलं आहे.

ताई


४ ऑगस्ट

ताई,

मला वरून सांगितलं आहे की चौकशीला जायचं कारण नाही, ऑफिसतर्फे दुसरा माणूस जाईल. गेलो तर त्याचा अर्थ काय घेतला जाईल, तेही समजावून सांगितलं. खुर्ची ओढून, चहा मागवून, अगदी गोड शब्दांत.

मी तुझ्यासारखा नाही. तू रागावलीस की उभी राहतेस, मी रागावलो की बसून राहतो. आत्ता इतका राग आला आहे की खुर्चीतून उठवत नाही. स्वतःचाच आहे, म्हणून कोणावर काढताही येत नाही.

काय करीन ते मलाच माहीत नाही. वचन देत नाही. मागच्या वेळी दिलं होतं.

ठोकळ्या


१९ सप्टेंबर

ठोकळ्या,

तू चौकशीच्या खोलीतून निघालास तो तडक स्टेशन गाठलंस, घरी पाऊल टाकलं नाहीस. मागे काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

तू येणार नाहीस, असंच मी धरून चालले होते. दार ढकलून आत आलास तेव्हा गळ्यात बिल्ला नव्हता. तुझ्या भाऊजींनी पहिलं तेच पाहिलं आणि माझा हात दाबला. मग तू उभा राहिलास आणि पुटपुटल्यासारखं बोलायला लागलास. चौकशीच्या बाई म्हणाल्या, मोठ्याने बोला. तू मोठ्याने म्हणालास, "मला मे महिन्यापासून माहीत होतं. रस्ता मी बंद केला आणि कळल्यावरही उघडला नाही." तुमच्या ऑफिसचा माणूस चष्मा पुसत बसला. तुला बाहेर थांबायला सांगितलं आणि तू थांबला नाहीस. ते मला आवडलं नाही.

मग माझी पाळी. मी सांगितलं, ती जागा मी सोडायचे, मुद्दाम, माणसं ओलांडून जावीत म्हणून. त्या दिवशी हॉर्न वाजवला तोही मीच. बाईंनी विचारलं, आणखी कोण कोण सोडायचं? मी म्हटलं, मी माझ्यापुरतं बोलते. मागच्या बाकावर आमचे सगळे क्रेनवाले बसले होते, बुटांकडे बघत. एखादा तरी उठेल, असं मला वाटत होतं. एकही उठला नाही. त्यांच्याशीही मी बोलत नाही. असं बघता आता कॅन्टीनमध्ये मला बरीच शांतता असते.

निकाल लागला. तुझ्या भाऊजींच्या नावापुढचा निष्काळजी हा शब्द काढला. ते आता फाटकावरच्या केबिनमध्ये बसतात, ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकतात आणि घरी येऊन मला सांगतात. मला क्रेनवरून उतरवलं. तुझ्या भाऊजींच्याच जागेवर, खुंट्या बसवायला घातलं. पहिल्या दिवशी कंबर अशी धरली की त्यांनी घरी बसल्याबसल्या मला हसून घेतलं. तुला दुसऱ्या खात्यात टाकलं, असं कानावर आलं. तिथे काय करतोस ते लिही.

आता खिंडीचं. गेल्या आठवड्यापासून स्क्रीन मधली जागा सोडतो. तुझ्या जागी आलेल्या बाईने तुझंच टिपण जसंच्या तसं वापरलं, असं साहेब म्हणाले. जमिनीवर दोन्ही बाजूंना लोखंडी पायऱ्या आणून ठेवल्या आहेत, धरायला कठडा आहे आणि वर पाटी: येथून ओलांडा. एवढी पाटी लावायला तुझ्या भाऊजींची टाच लागली. तिच्याकडे बघितलं की माझं रक्त उसळतं, आणि दिवसातून कितीदा तरी बघावं लागतं.

पहिल्यांदा ओलांडली तेव्हा वॅगनवर मधोमध उभी राहिले. वर माझ्या क्रेनमध्ये दुसरंच कोणी बसलेलं, कंटेनर टांगलेला. मी तिथे चांगला वेळ काढला, बघायचं होतं काय करतो. त्याने हॉर्न वाजवला नाही. मी पलीकडे उतरेपर्यंत थांबून राहिला.

माझा राग गेलेला नाही. मी तुझ्याशी बोलत नाही. हे पत्र आहे, बोलणं नाही. रविवारी जेवायला ये. मी वाढीन आणि तोंड फिरवून बसेन, तू तुझ्या भाऊजींशी बोल. ते म्हणतात, काठी घेऊन स्टेशनवर जातो त्याला आणायला, नाहीतर पुन्हा परस्पर निघून जाईल. मी म्हटलं, तुम्ही बसा. त्याचे दोन्ही पाय धड आहेत, येईल तो चालत.

ताई